शाळेतलं बाहुलीनाट्य (कोल्हापूर)

बाहुली हातात घेऊन गणित, इतिहास, विज्ञान, भाषा असं काहीही शिकवायचं, ह्याला शिक्षणातलं बाहुलीनाट्य म्हणतात. प्रकार मुख्य चारच, हातमोजा बाहुली, काठीची, सावलीची आणि दोऱ्यांवर नाचणारी कळसूत्री. कळसूत्रीच्या नादाला वर्गात सहसा लागू नये, दोऱ्यांचा गुंता सोडवण्यातच तास संपतो. ती अस्सल बघायची तर घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं, तिथला ठाकर समाज कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) पिढ्यानपिढ्या सांभाळतोय, त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. शिक्षकांना ट्रेनिंग पाहिजे असेल तर दिल्लीची सीसीआरटी ही सरकारी संस्था ते देते.

आता मुद्द्याचं. बाहुली मास्तरीण झाली की खेळ फसला, कारण उपदेश करायला वर्गात एक माणूस आधीच आहे. बाहुलीला काही येत नसावं. ती "सात अठ्ठे चोपन्न" म्हणाली की अख्खा वर्ग "छप्पन्न!" म्हणून ओरडतो, आणि एरवी सरांसमोर तोंड न उघडणारं पोरगंपण तिला समजावायला पुढं येतं, कारण चुकलं तरी बाहुली काय रागावणार नाही. सेमी इंग्लिशच्या वर्गात फक्त इंग्लिश कळणारी बाहुली ठेवायची, पोरं मोडकंतोडकं का होईना बोलायला लागतात.

कोल्हापुरात विषय शोधायला लांब जायला लागत नाही. पन्हाळ्याचा वेढा (१६६०) घ्या, एकसारख्या दोन बाहुल्या करायच्या, एक शिवाजी महाराज आणि एक शिवा काशीद, समोरच्या पोरांनाच खरं कोण ते सांगता येत नाही, मग सिद्दी जौहरची माणसं कशी फसली ते वेगळं सांगायची गरज उरत नाही. भूगोलात पंचगंगा, म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशा चार काठीच्या बाहुल्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त असल्यानं तिचा नुसता पडद्यामागून आवाज काढायचा. (हे काम सगळ्यांनाच पाहिजे असतं.) विज्ञानाला सावलीची बाहुली, पांढरं धोतर आणि मोबाईलचा टॉर्च, बाहुली टॉर्चजवळ नेली की सावली मोठी आणि पडद्याजवळ नेली की लहान, कडाही ठळक, हे पोरं स्वतःच करून बघतात.

करायला जुना पायमोजा आणि दोन बटणं बास, डोकं पाहिजे असेल तर पेपरचा लगदा आणि मैद्याची खळ. हातमोजा बाहुलीत तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत घालतात. तोंड उघडणारी मोज्याची बाहुली असेल तर बोलताना अंगठा खाली न्यायचा, वरची चार बोटं उडवायची नाहीत, नाहीतर ती आढ्याकडं बघून बोलल्यासारखी दिसते. आणि तिच्याकडं आपण स्वतः बघायचं, मग पोरंपण तिच्याकडंच बघतात.