निधनवार्ता

निधनवार्ता म्हणजे एखाद्याच्या मृत्यूची वर्तमानपत्रात येणारी चार-पाच ओळींची बातमी. मृताच्या कार्याचा आढावा घेणारा मृत्युलेख वेगळा आणि घरच्यांनी पैसे भरून दिलेली, फोटोची ‘दुःखद निधन’ ही जाहिरात वेगळी.

‘निधन’ हा शब्द ‘नि’ उपसर्ग आणि ‘धा’ (ठेवणे) या धातूपासून आला. खाली ठेवणे, स्थिरावणे, शेवट आणि मग मृत्यू असा त्याचा अर्थ सरकत गेला. ‘निर्धन’शी, म्हणजे गरिबीशी, त्याचा संबंध नाही. सामगानाच्या (सामवेदातल्या मंत्रांच्या गायनाच्या) पाच भागांतला शेवटचा भाग ‘निधन’च, तो सगळे गायक मिळून म्हणतात. गीतेतल्या ‘स्वधर्मे निधनं श्रेयः’ मध्ये मात्र अर्थ सरळ मृत्यू. ‘निधनवार्ता’ हा समास, म्हणून जोडून लिहावा. बोलताना कोल्हापुरात माणूस ‘वारला’ किंवा ‘गेला’, आणि लोक ‘मातीला’ (अंत्यसंस्काराला) जातात. निधन फक्त छापील.

मजकूर ठरलेला असतो: ‘शिवाजी पेठ : येथील … (वय ७८) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी ९ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत आहे.’

कोल्हापूरकडे ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. अंक घरी पडेपर्यंत अंत्यसंस्कार बहुधा उरकलेले असतात. पाहुणे गाठतात ते रक्षाविसर्जन. ‘रक्षा’ म्हणजे चितेची राख. मूळ संस्कृत अर्थ रक्षण. पंचगंगेचे पाणी बिघडू नये म्हणून काही कुटुंबे ती आता शेतात टाकतात, तरी बातमीतला शब्द विसर्जनच राहिला आहे.

चुका याच ओळीत महाग पडतात. नुसते ‘शुक्रवारी’ छापले आणि कात्रण आठवडाभर मोबाइलवर फिरत राहिले, की माणसे पुढच्या शुक्रवारी येऊन उभी राहतात. म्हणून वारासोबत तारीख द्यावी. शहरात कसबा बावडा, कदमवाडी इथेही स्मशानभूमी आहेत, तेव्हा नुसते ‘स्मशानभूमीत’ पुरत नाही. एकाच पेठेत एका नावाचे दोघे असतात. टोपणनाव, मूळ गाव किंवा तालमीचे (पेठेतल्या आखाड्याचे) नाव दिले तर जिवंत माणसाच्या दारात लोक जमत नाहीत. स्त्रीच्या बातमीत माहेरचे गाव बहुतेक वेळा राहून जाते आणि माहेरच्या भावकीला ओळखच पटत नाही.

विधवेच्या नावामागे ‘गं. भा.’ (गंगाभागीरथी) छापायची जुनी रीत आहे. याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा (कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे वगैरे) बंदीचा ठराव केला. पतीच्या निधनवार्तेत पत्नीच्या नावामागे ‘गं. भा.’ लावण्याचे कारण उरलेले नाही. तिथे ‘श्रीमती’ लिहावे.