जळकं ऑइल लावलं की खरूज जाते?

सातपूर-अंबडच्या गॅरेजांबाहेर अजून दिसतं: केस झडलेलं कुत्रं आणि अंगावर काळंकुट्ट ऑइल. "जळकं ऑइल चोपडा, खरूज जाते," हा सल्ला नाशकात फुकट मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो म्हणा. पण कुत्रं अंग चाटतं, आणि इंजिनातलं तेल धातूंच्या कणांसकट पोटात जातं. कातडी पोळते ती वेगळीच.

शिवाय केस झडले म्हणजे खरूजच असं कुठंय? सार्कोप्टिस किड्याच्या खरजेत कानाच्या कडांना खपल्या धरतात. ती कड बोटांत चोळली की बऱ्याचदा मागचा पाय आपोआप खाजवायला लागतो. डेमोडेक्स या दुसऱ्या किड्यामुळे डोळ्यांभोवती, पंजांवर केस जातात, खाज कधीकधी नसतेच. गजकर्ण तर बुरशी. म्हणून डॉक्टर ब्लेडने कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सार्कोप्टिस त्यातही हुलकावणी देतो, तेव्हा लक्षणांवरूनच औषध सुरू होतं: फ्लुरालेनर, अफोक्सोलेनरसारखी गोळी, वजन बघून.

कुत्र्याचं परमेथ्रिन या कीटकनाशकाचं औषध मांजराला मात्र लावू नका, जिवावर बेतेल.

ऑइल आधीच लावलं असेल तर भांड्यांच्या सौम्य लिक्विडने धुवा, चाटू देऊ नका आणि दवाखाना गाठा.