सात डॉलर नाकारणारी पलटण

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या वसंतात, उत्तरेच्या बाजूने लढायला बॉस्टनजवळ रीडव्हिलच्या छावणीत ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण उभी राहिली. अधिकारी गोरे, शिपाई कृष्णवर्णीय. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतले स्वतंत्र नागरिक, स्वखुशीने आलेले. बोली महिना १३ डॉलरची होती, गोऱ्या शिपायाइतकी. प्रत्यक्षात देऊ केले १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून ७. गोऱ्या शिपायाला कपड्यांचा भत्ता १३ वर वेगळा मिळे.

या तफावतीचं मूळ जुलै १८६२ च्या मिलिशिया कायद्यात आहे. तो करताना डोळ्यांसमोर होते मळ्यांवरून पळून आलेले गुलाम, म्हणजे खंदक खणणारे, ओझी वाहणारे. दरही म्हणून मजुराचा. पुढे लढाऊ पलटणी उभ्या राहिल्या तरी युद्धखात्याने हाच दर लावला. सार्जंट झाला तरी दर तोच. कृष्णवर्णीय सार्जंटला साध्या गोऱ्या शिपायापेक्षा कमी.

काम मात्र मजुराचं नव्हतं. १८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी चार्ल्स्टनजवळ मॉरिस बेटावरच्या, दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर पलटणीचे सुमारे ६०० जण चालून गेले. एकीकडे समुद्र, दुसरीकडे दलदल. मधली वाळूची पट्टी इतकी अरुंद की उजवीकडचे गुडघाभर पाण्यातून चालले. हातात एन्फिल्ड, १८५७ मध्ये जिच्या काडतुसांवरून आपल्याकडे भडका उडाला तीच बंदूक. पलटणीचे प्रमुख कर्नल शॉ तटावरच पडले. मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून अडीचशेहून जास्त.

यानंतरही खजिनदार सात डॉलरच घेऊन आला. पलटणीने पैसे घेतले नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरची तूट भरून द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारली. ती घेणं म्हणजे आपण मजूर आहोत हे कबूल करणं. घरी बायकामुलांचे हाल चालू असताना घेतलेला हा निर्णय होता, त्याचं मोल त्या हिशेबानेच करायला हवं. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यांनी थेट लिंकनना पत्र लिहून विचारलं, आम्ही शिपाई की मजूर?

जून १८६४ मध्ये काँग्रेसने भरतीच्या दिवसापासूनचा पूर्ण पगार मंजूर केला, पण १९ एप्रिल १८६१ ला जे स्वतंत्र होते त्यांनाच. पलटणीत काही पळून आलेले गुलामही होते. शॉ यांच्यानंतरचे प्रमुख कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचा मजकूर असा बेतला की त्या तारखेला आपली फुकट मेहनत कुणाचं देणं नव्हती, एवढंच सांगायचं. गुलामीतून आलेल्यालाही हे खोटं न बोलता म्हणता येत होतं. सप्टेंबर १८६४ अखेर पैसे हाती पडले.

माजी गुलामांच्या पलटणींना मागचा फरक मिळण्याची सोय मार्च १८६५ मध्ये झाली. याच पगारासाठी बंदुका खाली ठेवायला लावल्याबद्दल तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीचे सार्जंट विल्यम वॉकर यांना २९ फेब्रुवारी १८६४ ला गोळ्या घातल्या होत्या.