फुगलेल्या बॅटरीला टोचू नका

लॅपटॉपची बॅटरी फुगली की सुईने बारीक भोक पाडून हवा काढा, ती पुन्हा चालेल, असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. कृपया असे करू नका.

आत हवा नसतेच. लिथियम-आयन बॅटरीतले द्रावण जुनेपणामुळे, उष्णतेमुळे किंवा अतिचार्जिंगमुळे विघटित होते आणि कार्बन डायऑक्साइडसोबत हायड्रोजन, मिथेनसारखे ज्वलनशील वायूही तयार होतात. शिवाय दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा केसापेक्षाही पातळ असतो. सुई त्यातून आरपार गेली की आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन काही क्षणांत बॅटरी पेट घेऊ शकते. धूरही विषारी असतो. आणि नशिबाने काहीच झाले नाही, तरी बिघडलेले द्रावण पूर्ववत होत नाही. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपायही तितकाच निरर्थक.

टचपॅड वर आलेले किंवा झाकण नीट बसत नसलेले दिसले, की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा. झाकण दाबून बसवू नका. कागद-कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा. बॅटरी चिकटवलेली असेल तर उचकटू नका, ते काम तंत्रज्ञाचे. काढलेली बॅटरी कचऱ्यात नव्हे, ई-कचरा संकलन केंद्रात द्या, आणि ती फुगलेली आहे हे तिथे आवर्जून सांगा.