लवणाऱ्या स्नायूंच्या धास्तीची पार्श्वभूमी

मराठी घरात कुणाचा डोळा लवला, की उजवा की डावा हे आधी विचारले जाते. पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा लवणे शुभ, अशी ती जुनी समजूत. पोटरी, दंड किंवा अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू असाच आपोआप उडू लागला, तर मात्र हल्ली शकुनाची आठवण होण्याऐवजी मोटर न्यूरॉन डिसीजचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाऊन स्नायू झिजत जाण्याच्या आजाराचा, आणि त्यातही त्याच्या एएलएस या प्रकाराचा, धसका घेणारे पुष्कळ आहेत. स्नायू पूर्वीही असेच लवत होते. त्या लवण्याला हा भयंकर अर्थ गेल्या पावणेदोनशे वर्षांत चिकटला.

त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १८५० मध्ये फ्रांस्वा आरां या वैद्याने हातापायांचे स्नायू झिजत गेलेल्या अकरा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. हा आजार मुळात स्नायूंचा की मज्जातंतूंचा, यावर तेव्हा एकमत नव्हते. १८५३ मध्ये अशाच आजाराने मरण पावलेल्या एका सर्कसवाल्याचे शवविच्छेदन झां क्रुवेइये यांनी केले, तेव्हा मज्जारज्जूतून पुढच्या बाजूने निघणाऱ्या मज्जातंतूंची मुळे बारीक झालेली आढळली. पुढे सालपेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तां शार्को यांनी १८६९ पासून मज्जारज्जूतील नेमकी हानी दाखवली आणि १८७४ मध्ये या आजाराला ‘अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस’ (एएलएस) हे नाव दिले. या सगळ्या संशोधनात एक गोष्ट गृहीतच होती, ती म्हणजे डॉक्टरांसमोर येणारा रुग्ण आधीच दुबळा झालेला असे आणि त्याचे हात झिजलेले असत. त्या झिजलेल्या हातांवर स्नायू लवताना दिसत, म्हणून लवणे लक्षणांच्या यादीत गेले. आज घाबरलेला माणूस हीच यादी उलट्या टोकाकडून वाचतो: आधी लवणे, मग वाट पाहत राहायची ती झिजण्याची.

शब्दांचा गोंधळही बराच काळ टिकला. कातडीखाली डोळ्यांना दिसणाऱ्या लवण्याला ‘फिब्रिलेशन’ म्हटले जाई. १९३८ मध्ये लंडनच्या डेरेक डेनी-ब्राउन आणि जोसेफ पेनीबेकर यांनी दोन क्रिया वेगळ्या केल्या. चेतातंतू तुटल्यावर स्नायूचा एकेक सुटा तंतू आकुंचन पावतो ते फिब्रिलेशन. ते वरून दिसत नाही, विद्युत उपकरणानेच कळते. एका चेतापेशीच्या हुकमतीखालचा तंतूंचा पुंजका एकदम उडतो ते फॅसिक्युलेशन; ते दिसते, आणि निरोगी माणसातही होते. १९४८ मध्ये डेनी-ब्राउन यांनी निरुपद्रवी लवण्यावर स्वतंत्र लेखही लिहिला, आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत सुमारे ७० टक्के निरोगी लोकांनी स्नायू लवत असल्याचे सांगितले. जागरण, अतिश्रम, जास्त कॉफी आणि खुद्द काळजी यांमुळे हे लवणे वाढते; म्हणजे भीतीच लक्षणाला खतपाणी घालते.

मात्र ही दिलासा देणारी माहिती नियतकालिकांत राहिली आणि आजाराचे नाव घरोघर गेले. अमेरिकेचे बेसबॉलपटू लू गेरिग यांना १९३९ मध्ये एएलएसचे निदान झाले आणि १९४१ मध्ये ते वारले. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मोटर न्यूरॉन डिसीज असल्याचे कळले. २०१४ मध्ये एएलएससाठी निधी जमवायला डोक्यावर बर्फाचे पाणी ओतून घेण्याची लाट आली. गेरिग यांच्या बाबतीत आधी फटक्यातला जोर गेला होता, हा तपशील त्या प्रसिद्धीत मागे पडला. युरोपात दरवर्षी लाखात साधारण दोघांना होणारा हा विरळा आजार त्यामुळे सर्वांच्या ओळखीचा झाला.

गंमत म्हणजे या धास्तीचे जुने बळी डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी आहेत, कारण यादी त्यांनाच आधी पाठ होती. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाने १९९३ मध्ये निरुपद्रवी लवण्याचे निदान झालेल्या १२१ जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. काहींच्या निदानाला तेव्हा तीस वर्षे उलटली होती. एकालाही एएलएस झाला नव्हता. २०१३ मध्ये तर डॉक्टरांमधील या भीतीला लवण्याच्या चिंतेचा विकार असे नावच देण्यात आले.

तरीही लवणे निदानातून बाद झाले नाही. जपानमधील आवाजी बेटावरील बैठकीनंतर २००८ मध्ये आलेल्या एएलएसच्या निदानाच्या निकषांनी ईएमजी, म्हणजे स्नायूंतील विद्युत क्रिया नोंदवणाऱ्या, तपासणीत फॅसिक्युलेशनला पुन्हा वजन दिले, पण चेतापेशींच्या हानीच्या इतर खुणा त्याच स्नायूत दिसत असतील तेव्हाच. एवढी अट निसटली, की हा नियम लवणाऱ्या प्रत्येक पोटरीला लागू आहे असे वाटू लागते.

आपल्याकडे आणखी एक आजार लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे हिरायामा आजार. १९५९ मध्ये जपानच्या हिरायामा यांनी वर्णन केलेला आणि १९८० च्या दशकात बंगळुरूच्या डॉक्टरांनी भारतीय रुग्णांत नोंदवलेला हा आजार मुख्यतः तरुण मुलग्यांना होतो. त्यात एका हाताचा पंजा खरोखर झिजतो, बोटांतली ताकद जाते, म्हणजे केवळ लवण्यापेक्षा भीतीला कितीतरी सबळ कारण असते. पण काही वर्षांनी ही झीज बहुधा आपणहून थांबते. मान पुढे झुकवल्यावर मज्जारज्जूवर दाब येतो हे त्याचे कारण मानले जाते, आणि म्हणून वाढीच्या काळात अशा मुलाला मानेला कॉलर वापरायला सांगतात.