माजी सैनिक कोट्यातून लिपिकाची नोकरी: महिलांचे अर्ज अडतात कुठे

लिपिक भरतीतल्या माजी सैनिकांच्या जागा महिलांनाही खुल्या आहेत. केंद्रात थेट भरतीच्या गट क मध्ये 10 टक्के, तर महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये 15 टक्के. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यात फार काही नाही. गोंधळ होतो तो कागदपत्र तपासणीच्या दिवशी.

पहिली गोम सेवामुक्तीच्या कारणात. केंद्राच्या 1979 च्या नियमांप्रमाणे पेन्शन घेऊन बाहेर पडलेली व्यक्ती माजी सैनिक ठरते. अल्पसेवा कमिशनवरून, म्हणजे ठराविक वर्षांपुरत्या अधिकारीपदावरून, आलेल्या महिला अधिकाऱ्यांना सहसा पेन्शन नसते. त्यांनी ठरलेली मुदत पुरी केलेली हवी आणि ग्रॅच्युइटी मिळालेली हवी. घरच्या अडचणीमुळे स्वतःहून आधीच सुटका मागितली असेल, तर हा दरवाजा बहुधा बंद. म्हणून रिलीज ऑर्डरवरचं कारण आणि ग्रॅच्युइटीचा कागद फॉर्म भरण्यापूर्वीच बघा.

वयाला घाबरून कित्येकजणी अर्जच करत नाहीत. केंद्रात वयातून सैन्यसेवेची वर्षं वजा होतात, वर तीन वर्षांची सूट. कमाल वय 27 असलेल्या पदाला, दहा वर्षं सेवा झालेली 37 वर्षांची उमेदवार आरामात बसते.

वीरपत्नींनी जाहिरात नीट वाचावी. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या भरतीत हा कोटा माजी सैनिकाचा स्वतःचा. अवलंबितांना मिळत नाही. महाराष्ट्रात मात्र सैनिकी सेवेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं असेल, तर कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला त्या 15 टक्क्यांत प्राधान्य असतं. दिराने आधीच लाभ घेतला असेल तर? हे घरात आधी विचारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढायला नंतर जा.

आणि नाव! सेवेच्या कागदांवर माहेरचं, आधारवर सासरचं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच स्पेलिंग. विवाह प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत सोबत ठेवा. बाई तीच आहे हे समोर दिसत असलं तरी साहेबांना कागदच लागतो.

शेवटचं, एका ठिकाणी या कोट्यातून रुजू होणार असाल आणि इतरत्र अर्ज आधीच केलेले असतील, तर त्यांची तारीखवार यादी स्वयंघोषणेसह रुजू होतानाच कार्यालयाला द्या आणि पोच घ्या. नाहीतर पुढच्या केंद्रीय भरतीत कोटा गेला.