पेशीद्रवातला डीएनए: पेशी धोका कसा ओळखते?

विषाणूंशी संपर्क आलेल्या पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडतात आणि त्यामुळे इतर पेशी विषाणूला दाद देईनाशा होतात, हे ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. परकी न्यूक्लिइक आम्लेसुद्धा इंटरफेरॉनच्या निर्मितीला चालना देतात, हा विचार त्यानंतर काही वर्षांतच पुढे आला. मात्र पेशीच्या आत शिरलेला डीएनए नेमके कोण ओळखते, याचे समाधानकारक उत्तर मिळायला जवळपास अर्धे शतक जावे लागले.

प्रश्न अवघड होता, कारण डीएनएची रासायनिक घडण सर्व सजीवांत मुळात एकसारखी असते. जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत आपल्या शरीरात कोठेही न आढळणारे घटक असतात, त्यामुळे ते परके म्हणून ओळखणे तुलनेने सोपे जाते. नागिणीच्या विषाणूचा डीएनए आणि आपला डीएनए यांत मात्र तीच शर्करा, तेच फॉस्फेट आणि तेच चार बेस असतात. फरक असतो तो बेसच्या क्रमात, आणि असंख्य रोगजंतूंचे असंख्य क्रम जन्मतःच ओळखता येतील अशी यंत्रणा बाळगणे कोणत्याही पेशीला शक्य नाही.

उपजत प्रतिकारशक्तीने म्हणून क्रमापेक्षा ठिकाणावर अधिक भिस्त ठेवलेली दिसते. निरोगी मानवी पेशीत डीएनए केंद्रकात आणि मायटोकाँड्रियात असतो; या दोहोंबाहेरच्या पेशीद्रवात तो आढळला, तर काहीतरी बिघडले आहे असेच पेशी धरून चालते. ही पाळत ठेवणारे मुख्य प्रथिन म्हणजे सीगॅस. ते डीएनएच्या दुपेडी साखळीचा शर्करा-फॉस्फेटचा कणा पकडते, बेसचा क्रम पाहत नाही. सीगॅसचे दोन रेणू डीएनएच्या दोन साखळ्या आपल्यामध्ये धरून जोडी जमवतात, आणि साखळी लांब असेल तर अशा जोड्या तिच्यावर ओळीने बसत जाऊन एकमेकींना स्थैर्य देतात. त्यामुळेच अगदी तोकड्या तुकड्यांकडे सीगॅस फारसे लक्ष देत नाही.

सीगॅसचा शोध ज्या प्रयोगांतून लागला, ते जैवरसायनशास्त्रातील नेटक्या विचाराचे उत्तम उदाहरण आहे, असे मला वाटते. पेशीद्रवातील डीएनएची वर्दी इंटरफेरॉनच्या जनुकापर्यंत पोहोचायला स्टिंग हे प्रथिन लागते, हे २००८ पासून माहीत झाले होते. पण स्टिंगला ती वर्दी कोण देते हे कळत नव्हते. अमेरिकेत डॅलस येथे झिजियान चेन यांच्या गटाने डीएनए दिलेल्या पेशींचा अर्क काढला, तो तापवून त्यातील प्रथिने निकामी केली आणि उरलेला द्रव दुसऱ्या पेशींत सोडला. त्या पेशींतील स्टिंगची साखळी तरीही कार्यरत झाली. याचा अर्थ निरोप्या प्रथिन नव्हता, तर उष्णतेला दाद न देणारा एखादा लहान रेणू होता. तो रेणू म्हणजे एटीपी आणि जीटीपी जोडून बनलेला सीगॅम्प, आणि तो घडवणारे एन्झाइम म्हणजे सीगॅस, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सीगॅम्प चिकटताच आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलावर असलेल्या स्टिंगचा आकार बदलतो, ते गॉल्जी पिंडाकडे सरकते आणि पुढे टीबीके-१ व आयआरएफ-३ या प्रथिनांमार्फत इंटरफेरॉनचे जनुक कामाला लागते. शिवाय सीगॅम्प लगतच्या पेशींत थेट झिरपू शकतो, त्यामुळे ज्या पेशीत अजून विषाणू शिरलेला नाही तीही सावध होते.

विषाणूही यावर उपाय शोधत आले आहेत: देवीच्या कुळातील अनेक विषाणूंकडे सीगॅम्पचे तुकडे करणारे एन्झाइम आहे.

आता खरी अडचण. क्रम न पाहणारे सीगॅस स्वतःच्या डीएनएवरही तुटून पडू शकते. त्यातच पेशी विभागताना केंद्रकाचे आवरण विरघळते, म्हणजे भिंतही काही काळ नाहीशी होते. इतकेच नव्हे, तर बरेचसे सीगॅस केंद्रकातच असते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. तरीही ते शांत राहते, कारण आपला डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि सीगॅस त्या हिस्टोनांच्या एका विशिष्ट भागाला असे जखडले जाते, की डीएनए धरण्याची त्याची जागाच झाकली जाते. २०२० मध्ये अनेक गटांनी या रचनेचे तपशील स्वतंत्रपणे उलगडले.

पेशीद्रवात चुकून आलेले तुकडे साफ करण्याचे काम ट्रेक्स-१ हे एन्झाइम करते. त्याचे जनुक सदोष असलेल्या काही बालकांना एकार्डी-गुतिएर सिंड्रोम हा आजार होतो. गर्भात असताना मेंदूला विषाणूसंसर्ग झाला असावा अशी त्याची लक्षणे असतात आणि मेंदूभोवतालच्या द्रवात इंटरफेरॉनही वाढलेले सापडते, पण विषाणू मात्र कोठेच नसतो. ट्रेक्स-१ नसलेले उंदीर तीव्र दाहाने दगावतात. त्यांच्यातील सीगॅसचे जनुकही काढून टाकले, तर ते वाचतात. दोष डीएनएच्या परकेपणात नसून तो पेशीद्रवात साचण्यात आहे, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो. या बालकांवर सध्या इंटरफेरॉनच्या संदेशाचा पुढचा टप्पा अडवणारी बॅरिसिटिनिबसारखी औषधे वापरून पाहिली जातात, तर सीगॅसलाच रोखणारे रेणू शोधण्याचे काम अनेक प्रयोगशाळांत चालू आहे.